आठची आणि दहाची

नाझिब्रोला काउंटरवर दोन डब्या ठेवते.
एक माझ्याच दुकानातली, कॅल्शियमची,
आत खडूच्या तुकड्यांसारख्या गोळ्या.
दुसरी इटलीतून, बारीहून, पार्सलने आलेली,
झाकणावर जांभळा घोस
आणि मुंगीच्या पायांएवढी अक्षरं.
"खातुनाने धाडलंय. वाच, काय आहे."

अँटिऑक्सिडंट, मी वाचते.
द्राक्षाच्या बियांचा अर्क.

ती माझ्याकडे बघत राहते,
मग इतकी हसते की कवळी सावरावी लागते.
"बिया?
गुर्जानीत जन्मले, लाकडी डोणीत उभी राहून
साठ हंगाम द्राक्षं तुडवली,
बिया थुंकल्या, चोथा कोंबड्यांना घातला,
आणि माझी पोर त्याच युरो मोजून विकत घेते?"

मग हळू आवाजात:
"दोन्ही एकदम घेतल्या तर?"

खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही.
थायरॉइडच्या गोळीबद्दल पुस्तकं ठाम बोलतात,
लोहाबद्दलही.
इथे आली की चाचरतात.
कदाचित बियांतला तुरटपणा
कॅल्शियमचा हात धरून बसेल
आणि दोघंही रक्तापर्यंत पोचायचे नाहीत.
कदाचित तसं काहीच घडायचं नाही.
कुणी नीट तपासलेलं नाही,
निदान अशा बाईवर तरी नाही
जिचं मनगट फेब्रुवारीत
बादली उचलताना मोडलं.

"कोंबड्यांना मी अंड्यांची टरफलं कुटून घालायचे,"
ती म्हणते,
"त्याच चोथ्यात कालवून.
एकीनंही कधी विचारलं नाही."
"आणि अंडी?"
"फोडायला सुरी लागायची."

तरी मी चिठ्ठी लिहिते, मोठ्या अक्षरात:
आठला पांढरी. दहाला द्राक्षाची.
जिथे माहीत नसतं
तिथे आम्ही औषधवाले
अंतर लिहून देतो.

चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन
ती बोटांवर काहीतरी मोजते.
"आपले दहा म्हणजे तिचे आठ."
मागे रांगेत कुणीतरी खोकतं.
"आठला ती त्या म्हातारीला गोळ्या देते.
पाणी आधी कोमट करते.
मानेखाली हात धरते, असा.
फोनवर दाखवलं होतं एकदा,
म्हातारी म्हणाली, हे कोण बघतंय."

ती हात तसाच धरून उभी राहते,
मोडून सांधलेल्या मनगटाचा,
हवेतल्या कुणाच्या तरी मानेखाली.
मग दोन्ही डब्या पिशवीत टाकते,
सुट्टे पैसे न मोजता.

ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं मागे जातील.
आमची जात नाहीत.
दोनाचे तीन तास होतील
आणि ती चिठ्ठी बदलून घ्यायला येईल,
कारण सांगणार नाही.
मी दहा खोडून अकरा लिहीन.
शास्त्राची त्याला
काही हरकत नाही.