वापरलेलं घरगुती सामान

न्हावा-शेवाहून खोकी आली
मंगळवारी भर दुपारी, लिफ्ट बंद असताना.
तेवीस.
फॉर्मवर मकरंदनं लिहिलं होतं 'वापरलेलं घरगुती सामान'
आणि किमतीच्या रकान्यात, पेन बराच वेळ चावून,
एक आकडा
जो त्यानं मला अजून सांगितलेला नाही.

चौदा नंबर पाच मजले चढवून
हमालांतला धाकटा टेकला भिंतीला.
ताई, दगड भरलेत का काय ह्यात?
मला हसू आलं.
दगडच होते.

व्हिटबीच्या किनाऱ्यावरचे. शर्वाणी दर खेपेला
खिसे फाटेस्तोवर आणायची.
वर्षातून दोनदा जायचो आम्ही, हलहून दीड तास,
नाकं लाल, कान बंद,
समुद्राकडे पाठ करून बाकावर बसायचो,
कारण पक्षी हातातली पुरी पळवतात.
तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासचं एकच झाकण, तिघं.
ह्याला आम्ही सहल म्हणायचो.
आई फोनवर विचारायची, मजा आली ना गं?
मी हो म्हणायचे.
आणि गंमत म्हणजे, यायची.

किटली निघाली. तळाला अजून
तिथल्या पाण्याचा पांढरा खडू.
लायब्ररीची कार्डं निघाली, तीन,
एकावर चार पेन्सांचा दंड बाकी असेल.
कचऱ्याचं कॅलेंडर निघालं:
निळा डबा कधी, तपकिरी कधी, काळा कधी.
पहिल्या वर्षी मॉरीन रात्री नऊला सपाता घालून यायची,
उद्या निळा हं, एवढंच सांगून जायची.
पुढे मी त्याच कागदावर पेन्सिलीनं चतुर्थ्या मांडल्या.
एका गुरुवारी संकष्टी आणि तपकिरी डबा
एकाच चौकोनात मावले.
जूनमध्ये चंद्र उगवायचा मध्यरात्र उलटून.
मकरंद म्हणायचा, मुंबईचा धर की.
मग मी मुंबईचा चंद्र धरून
लख्ख उन्हात, साडेपाचला,
मोदक मोडायचे.

बूट सगळ्यांत खाली. रबरी, हिरवे, तीन मापांचे.
टाचेच्या खाचांत चिखल वाळून बसलेला,
कुठल्याशा शेताच्या कडेनं चाललो होतो तो,
गेट उघडलंत तर लावून घ्या
असं लिहिलेल्या वाटेचा.
मी ब्रश घेतला, बादली घेतली,
आणि बादली परत ठेवली.
मुलुंडमध्ये ह्या बुटांचं काय करणार
हे विचारायला मकरंद ऑफिसात.

शाळेतून शर्वाणी आली, पाच मजले चढून, घामेजून.
नव्या वर्गात तिचं नाव 'सॉरी' पडलंय.
कुणी तिला धडकलं तरी
हीच सॉरी म्हणते.
मी म्हटलं, थांब म्हणावं, सवय जाईल.
ती म्हणाली, कशाला जाईल?

दगड मोजले तिनं. एक कमी.
परत मोजले.
मग माझ्या लक्षात आलं,
वाऱ्यानं दार सारखं आपटत होतं तेव्हा
त्या पोरानं एक काढून उंबऱ्याशी लावला होता
खोकी आत येईस्तोवर.
अजून तिथेच होता, चपलांत,
करडा, मधून एक पांढरी रेघ.
तिनं तो उचलला नाही.
दार उघडंच राहिलं संध्याकाळभर,
समोरच्या कोरगावकरबाई डोकावून गेल्या,
वाटीभर साबुदाणा ठेवून गेल्या,
बूट बघून काही बोलल्या नाहीत.

खिडकीतून मिठागरं दिसतात, पुढे खाडी.
तिथे जाऊ या ना रविवारी, म्हणते.
डबा घेऊन. चालत.
आणि रेनकोट?
मी म्हटलं, अगं, एप्रिल आहे.
ती बुटात पाय घालून बघत होती,
बोटं पुढे टेकत होती.
म्हणाली,
तिथेही एप्रिलच असायचा.