खोगीर

नारीनच्या बाजारात ज्याची खोगिरं हातोहात खपायची
तो तोक्तोसुन भर जुलैत जाड लोकरी कोट घालून बसायचा.
कुरणात सगळे उघड्या बाह्यांनी,
हा चुलीशी.
मी म्हणायचे, आळस. सासू म्हणायची, दृष्ट.
वस्तरा महिनाभर कोरडा पडलेला
मला दिसत होता, पण सांगायचं कुणाला?
रात्रीच्या गोष्टी तर सांगायच्याच नसतात.

मग एकदा डावीकडून आलेली घोडी
त्याला दिसलीच नाही.
समोरचं दिसत होतं. कडेचं जग
कुणीतरी कातरीने कापून नेलेलं.

बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंनी काळा फोटो उजेडावर धरला.
कवटीच्या तळाशी एक हाड असतं, म्हणाल्या,
त्याला आम्ही खोगीरच म्हणतो.
त्यात वाटाण्याएवढी ग्रंथी असते,
तिच्या हुकमावर अंग चालतं.
तिला रेटून दुसरंच कुणी बसलंय.
काय करतं ते? मी विचारलं.
काहीच नाही. नुसतं वाढतं.

तोक्तोसुन हसला, कित्येक महिन्यांनी.
चाळीस वर्षं खोगिरं शिवली मी,
आणि खोगीरभरती झाली ती माझ्याच डोक्यात!

नाकातून काढलं ते. कडेचं जग परतलं,
घोड्या, दाराची चौकट, मी.
ग्रंथी मात्र दबली ती दबलीच.
आता सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी, संध्याकाळी अर्धी,
थायरॉईडची वेगळी, उपाशीपोटी.
ताप आला तर दुप्पट.
उलटी थांबेना तर लाल डबीतलं इंजेक्शन, मांडीत.
मेंढीवर शिकले मी ते,
मेंढी अजून माझ्याकडे पाठ करून चरते.

ऑक्टोबरात त्याचा धाकटा भाऊ गेला,
खिंडीत, ट्रकसकट.
निरोप आणणारा पोरगा दारातच खोळंबला, टोपी हातात.
सकाळची वेळ. अंगणात बायकांनी आक्रोश सुरू केला,
आणि मी, थोरली सून,
आधी घड्याळाकडे पाहिलं.

दुःखालाही दुप्पट, बाई म्हणाल्या होत्या.
धक्का सोसायला आपल्या अंगात जे आपसूक पाझरतं
ते याच्या अंगात पाझरत नाही.

त्याच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या.
पेला धरला.
त्याने गिळल्या, मान वर करून, घोड्यासारखी.
थोडं थांबलो.
मग आम्ही रडलो.