यजमान

पहाटे मोलू वेळीप पुढे, मी मागे,
वेर्ल्याच्या उतारावर पिंजरे उचलत.
आमिषाला भाजलेलं खोबरं. पहिल्या दिवशी मी गालमो घातला होता.
"मांजर येतलें गे," तो म्हणाला,
आणि मांजरच आलं.

आज सात दारं पडलेली.
कापडी पिशवीत उलटला की उंदीर
सगळा काळीज होऊन धडधडतो.
औषधाचा बोळा, वीसपर्यंत आकडे,
मग पांढऱ्या ट्रेवर धरून
दात घासायच्या ब्रशने उलट्या लवीत विंचरायचं.
पडेल ते मोजायचं.

तक्त्यात पहिला रकाना: यजमान.
मग नर की मादी, वजन, जागा, महिना.
आणि उतरलेली मंडळी: पिसवा चार, गोचिडी अकरा,
कानामागे तांबड्या किड्यांचा पुंजका, मोहरीहून लहान.

नर भटकतात, जास्त घेऊन येतात.
मादी बिळात, पण बिळालाच पिसवांचा शेजार.
कुळागरात पाटाची ओल, कुजत्या झावळ्या,
तिथला उंदीर विंचरता विंचरत नाही.
काजूच्या बागेत, जिथे बोंडं वेचण्याआधी पाला जाळतात,
तिथला जवळजवळ कोरा.
गुरांच्या वाटेवर पुन्हा भरलेला.
मोलू ऐकून घेतो. "ह्याला उंदीर कशाला?
माझ्या पाड्याचे कान बघ."

खोली तिळवेबाईंकडे. मराठी शाळा, आठ मुलं, एक बाई.
पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं,
"तुमचे यजमान काय करतात?"
डोक्यात तक्ता. म्हटलं, "आत्ता कापसावर झोपलेत,
शुद्धीवर आले की सोडून देईन."
बाई क्षणभर बघत राहिल्या,
मग हसता हसता चहा वहीवर सांडला.

तिसऱ्या आठवड्यात बेरीज केली.
एकेचाळीस उंदीर,
त्यातल्या सहांच्या अंगावर निम्म्याहून जास्त गोचिडी.
बाकीचे आपले मोकळे.
बाई लाल पेनाने शुद्धलेखन तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"सहा जावा आम्ही.
सासूबाईंचं अंथरूण चार वर्षं कुणी काढलं, विचारा."
तुमचं वजन किती होतं तेव्हा,
अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

एकोणतीस नंबरचा मात्र कशातच बसत नाही.
नर, कुळागरातला, थोराड, तीनदा सापडलेला,
तिन्ही वेळा अंगावर काही नाही.
सोडला की लगेच पळत नाही,
पिशवीच्या तोंडाशी बसून मिशा पुसतो.
त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलंय, जरा मोठंच.

रात्री गुडघ्यामागे खाज. आरशात, बॅटरीच्या उजेडात
एक गोचीड, टम्म, तीन दिवसांची तरी.
चिमट्याने सरळ ओढली, स्पिरिटच्या कुपीत टाकली.
चिठ्ठी लिहायला हवी, नाहीतर उद्या विसरेन:
वेर्ले. कुळागर. वजन बावन्न किलो.
शेरा: मादी असून भटकते.