पिवळ्या चिठ्ठ्या

ग्रिम्सबीच्या वाचनालयात शनिवारी दहाला
आठ लॅपटॉप, त्यातले सहा चालणारे,
आणि एक हीटर, जो फक्त स्वतःला ऊब देतो.
काउन्सिलचा फॉर्म म्हणतो, पहिल्या तासाला
मुलांच्या आकांक्षा नोंदवाव्यात.
मी पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या.
मोठेपणी कोण होणार, असं नाही विचारलं,
सोळाची झालीत, काहींना मिसरूड फुटलंय.
विचारलं, हे शिकून करणार काय?

डोव्हिलेनं लिहिलं: पगार.
खाली दोन रेघा ओढल्या.
तिची आई मासे गोठवायच्या कारखान्यात, रात्रपाळीला.

ऱ्हीसनं लिहिलं: गेम, ज्यात कुणी मरत नाही,
किंवा मेलंच, तर जेवायची हाक येईपर्यंत.

निनाद देशकुळकर्णीची चिठ्ठी कोरी.
त्याचं उत्तर बाबांनी गाडीतच घोकून घेतलेलं:
आधी केंब्रिज, मग लंडन, मग कॅलिफोर्निया.
माझ्याजवळ येऊन मराठीत, हळूच,
"मावशी, मला लूप लिहायला आवडतात.
बाकी काही नाही. एवढ्यावर भागतं का?"

मी म्हटलं, चौथ्या ओळीत बघ, जागा सुटलीय.

काय सांगणार होते?
अठरा वर्षं मी एका बँकेचं व्याज मोजणारा प्रोग्रॅम
पोटच्या पोरासारखा सांभाळला,
रात्री-अपरात्री रडला की उठले.
मार्चमधल्या एका मंगळवारी, सात मिनिटांच्या कॉलवर
कळलं की आता यंत्रच यंत्राला सांभाळील.
मी थँक्यू म्हणाले. सवय.
हे मुलांना सांगितलेलं नाही.
मुलांना ते ठाऊक आहे.

कॅलम दाराजवळ बसतो,
कधीही निघून जाता यावं म्हणून.
त्याची पणजी परसात जाळी विणायची,
खांबाला दोर, हातात लाकडी सुई,
ट्रॉलरमागून ट्रॉलर, गाठीमागून गाठ.
मग तिकडे उत्तरेत समुद्राला कुंपण पडलं,
बोटी भंगारात गेल्या, सुई ड्रॉवरमध्ये.
"शेजारच्या पोरींना तीच शिकवायची," तो म्हणाला.
"सांगायची, हे काम कधी संपायचं नाही."

कुणी बोललं नाही.
हीटर तेवढा खाकरला.

मग, का कोण जाणे, मी फळ्यावर लिहिलं: जाळं.
वळणदार, शाळेतल्यासारखं.
आमच्या भाषेत, मी म्हटलं, इंटरनेटलासुद्धा
हेच म्हणतात. आंतरजाल. महाजाल.
जरा ऐटीतच म्हटलं.
कॅलम म्हणाला, "आमच्यातही तेच की, मिस.
नेट."

सगळे हसले. मीही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
इतकी वर्षं तो शब्द बोटांखाली घेऊन
बसले होते, आणि त्याला भोकं असतात
हेच विसरले होते.

पुढच्या शनिवारी त्यानं सुई आणली.
खुर्चीच्या पाठीला नारिंगी दोरा बांधला,
फेरा, आत, खाली, ओढ.
निनाद मोजत होता. डोव्हिलेनं ओढून पाहिलं, सुटेना.
पाचवी गाठ चुकली, तर कॅलमनं
सगळं न उसवता तेवढीच मागे घेतली,
कुणी शिकवलं, विचारलं, तर म्हणाला, यूट्यूब.

अकरा वाजता लॅपटॉप उघडायचे राहिलेच.

फॉर्मवर शेवटचा रकाना आहे: फलित.
तीनच पर्याय, नोकरी, प्रशिक्षण, पुढील शिक्षण,
चौथा टाइप करू देत नाही.
कॅलमची चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे,
चिकटपणा गेलाय, बसच्या तिकिटाला लागून बसते.
तिरप्या अक्षरात त्यानं लिहिलं होतं,
माहीत नाही. पण येईन.