बीट खणणाऱ्या बायका, १९१३

मला चित्रांतलं कळत नाही.
मी किल्ल्या सांभाळते, हवेतली ओल मोजून वहीत लिहिते,
आणि कुठल्या भिंतीत खिळा धरतो, कुठल्या भिंतीत चुना गळतो
एवढं मला पाठ आहे. आजोबांना होतं तसं.

पहिल्या दालनातला खिडकीजवळचा खिळा लेनिकचा.
बेन्नो लेनिक, चांभाराचा मुलगा, मुक्काम ड्रेब्निट्झ.
ड्रेब्निट्झ आता नाही.
त्याच्या पोटातला कोळसा उपसून झाल्यावर खड्ड्यात पाणी सोडलं.
उन्हाळ्यात माणसं तिथे पोहतात,
चर्च होतं त्या जागी नांगर टाकून
होडीत सॉसेज खातात.

तेरा साली त्यानं बीट खणणाऱ्या बायका रंगवल्या.
तोंडं हिरवी, हात जांभळे,
आकाश जास्त भाजलेल्या विटेचं.
आगाथे म्हणाली, आम्ही काय बेडक्या आहोत?
आणि रविवारी प्रार्थनेला जाता जाता
त्याच्या दारावर एक बीट फेकून मारलं, मातीसकट.
सगळ्या गावानं नावं ठेवली.

फक्त औषधवाला आरोनहाइम थांबला चित्रापाशी.
नोव्हेंबरात चार वाजता शेतावर जाऊन बघा, म्हणाला,
उजेड असाच असतो.
हप्त्यांनी पैसे दिले, वर खोकल्याच्या दोन बाटल्या.
पुढे आणखी सात चित्रं घेतली.

युद्धातून लेनिक आठ बोटं घेऊन परतला.
बुटाच्या नाडीनं ब्रश हाताला बांधायचा.
चोवीस साली बर्लिनच्या पेपरात त्याच्यावर अर्धं पान आलं,
औषधवाल्यानं त्या बायका आमच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या,
आजोबांनी खिळा ठोकला.
पोरानं गावाचं नाव काढलं, म्हणाले सगळे.
आगाथे पाहुण्यांना घेऊन यायची,
ही मी, ही डावीकडची.

सदतीस साली दोघेजण यादी घेऊन आले.
यादीतलं एक चित्र सापडलं नाही.
खिळ्यावर हरिण होतं, धुक्यातलं,
चौकट मात्र तीच, जरा जड.

मग सरकार बदललं. नव्या साहेबांना हरिण नको होतं.
लेनिकच्या बायकाही नकोच होत्या:
कष्टकरी स्त्री हिरवी का, असा प्रश्न होता.
हरणावर ट्रॅक्टर बसला.
लेनिक शाळेत चित्रकला शिकवायचा, पेला, सफरचंद, पेला.
अठ्ठावन्नला गेला. पेपरात तीन ओळी,
आडनावात एक अक्षर चुकलेलं.

एक्याण्णव साली चौकट दुरुस्तीला दिली तेव्हा
ट्रॅक्टरमागे हरिण निघालं, हरणामागे त्या.
मग काय विचारता.
जाडजूड पुस्तक, गल्लीला नाव, टपालाचा शिक्का,
बेकरीत बीटचा केक.
भाषणात कुणीतरी हुतात्मा म्हणालं.
आजोबांचं नाव कुणी घेतलं नाही, ते त्यांना आवडलंही नसतं.

गेल्या वर्षी मागडेबुर्गच्या कागदपत्रांत एक पत्र मिळालं.
अक्षर त्याचंच, बोटं गेल्यावरचं, डावीकडे कललेलं.
तारीख ऑगस्ट अडतीस.
सदर औषधविक्रेता लवकरच जाणार असल्याचे समजते.
त्याच्याकडील माझी सात चित्रे
मला परत मिळावीत, ही विनंती.

उत्तर आलं होतं का, माहीत नाही.
चित्रं कुठे गेली, माहीत नाही.
आरोनहाइम कुठे गेला ते माहीत आहे.

पालिकेनं गल्लीचं नाव काढलं, या वेळी स्क्रू फिरवून.
चित्राखालच्या मजकुरावर समितीच्या चार बैठका झाल्या.
सत्तर शब्द मावतात.
पत्राला तीस द्यायचे की चाळीस?
तोवर चित्र तळघरात.

भिंतीवर त्या आकाराचा फिका चौकोन आहे.
परवा एका शाळकरी पोरानं विचारलं, इथे काय होतं?
मी म्हटलं, थांब, ठरतंय.

रोज सकाळी ओल मोजायला खाली उतरते.
दिवा लावला की त्या दिसतात,
वाकलेल्याच, मातीत कोपरापर्यंत.
डावीकडचीनं तेवढी मान वर केली आहे
आणि रागानं बघते आहे,
मागे उभा राहून रंग कालवणाऱ्या कुणाकडे तरी.
मी वहीत आकडा लिहिते. त्रेपन्न टक्के.