बाभळीचा खांब

पाने सगळे खोटे पडले.
चौदाचा लहान, पंधराचा सैल,
अर्ध्या इंचाचा बसतो
आणि ऐन जोरात सटकतो, बोटाचं सालपट घेऊन.
एकतीस वर्षं टूलरूममध्ये काढली, सातपूरला,
याच्या हातालाच माप कळतं, म्हणायचे लोक.
ती कीर्ती या गाडीनं पहिल्याच आठवड्यात उतरवली.
मग उलगडा झाला:
बोल्टाचं डोकं इंग्रजी, व्हिटवर्थ मापाचं,
आटे मात्र फ्रेंच, मिलिमीटरचे.
डोकं एका देशाचं, पीळ दुसऱ्याच.
कुमुद म्हणाली, तुमच्या घराण्यासारखं.

एमजी टीडी, एक्कावन्नची.
देवळाली कॅम्पात फ्रेनीबाईंच्या बंगल्यामागे
खुराड्याला टेकून उभी.
सीटच्या खळग्यात कोंबडी बसलेली,
ती उठायला तयार नव्हती, आम्ही थांबलो.
पैशाचं विचारलं तर बाई म्हणाल्या,
पैसा काय करू? चालू झाली तर एक चक्कर दे.

अंगणात, पत्र्याखाली, ती उलगडत गेली.
नटबोल्ट चिवड्याच्या बरण्यांत,
प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, माझं गिचमिड अक्षर.
वरचा पत्रा काढला आणि आत
लाकूड.
गाडीचा सांगाडा लाकडाचा, हे वाचलं होतं,
पण हात लावला तसा भुगा झाला,
वाळवीनं नकाशे काढून ठेवलेले.
असली लाकूड हवं म्हणून विलायतेहून मागवलं, अ‍ॅश,
पेन्शनचे दोन महिने त्यात गेले.
रंगकाम करणारा तौफिक फळीवरून हात फिरवत म्हणाला,
अ‍ॅश म्हणजे राखच ना, काका?

उजव्या दाराचा खांब मी त्याचाच घडवला.
तीनदा घडवला, खरं सांगायचं तर.
मग डावीकडे वळलो, तोही काढायचा म्हणून पटाशी लावली,
पटाशी परत आली.
खांब काळपट लाल, जड,
वाळवी त्याच्या कडेपर्यंत येऊन माघारी फिरलेली.
बाभूळ.
बैलगाडीच्या चाकाला घालतात ती, आपली, बांधावरची.
बिजागरीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं:
सदोबा बोराडे, सुतार, लॅम रोड, १९६३.
आणि खाली बारीक अक्षरात: बिल बाकी.

त्या दिवशी पुढे काही काम केलं नाही.
पुस्तकात लिहिलं होतं, मूळचं नसेल ते काढून टाका.
चहा गार होईपर्यंत मी त्या खांबाकडे पाहिलं.
मग पॉलिश लावलं त्याला, पेन्सिलीची जागा सोडून.

बाकी सगळं तसं चालूच असतं.
रबरी नळी कानाला लावून दोन्ही कार्ब्युरेटर ऐकतो,
पुढच्याचा श्वास संथ, मागच्याला धाप,
स्क्रू पाव फेरा इकडे, की धाप पुढच्याला.
डिसेंबरच्या पहाटे चोक ओढूनही ती रुसते,
बॅटरीचं धन टोक चासीला, सगळंच उलटं,
आणि इंजिनाखाली कुमुदचं जुनं परात,
सकाळी त्यात तेलाचे थेंब मोजायचे.
नऊ असले तर बरी आहे. एकही नसला
तर तेल संपलंय.

चक्कर दिली परवा.
फ्रेनीबाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या.
रंग पाहिला नाही, क्रोम पाहिलं नाही,
अंबडच्या प्लेटिंगवाल्यानं किती घेतले तेही विचारलं नाही.
डावीकडे बसल्या, पदर आत ओढला,
आणि न बघता, दोन बोटांनी, दार लावलं.
टक्.
हे दार पहेलांपासून बरोबर लागते, म्हणाल्या.

सदोबा सुताराचं विचारलं. त्यांना आठवेना.
बिलाचं मी काढलं नाही.
उजवीकडे येऊन बसलो,
माझं दार ओढलं,
पुन्हा ओढलं,
तिसऱ्यांदा जरा जोरात.