पॉइंट नऊ टक्के

तीन नळ्या स्टँडमध्ये.
बोट टोचून काढलेलं माझंच रक्त, तिन्हींत दोन-दोन थेंब.
पहिलीत नुसतं डिस्टिल्ड पाणी,
दुसरीत मीठ, शंभराला पॉइंट नऊ,
तिसरीत शिरोड्याचा समुद्र, मार्चातला,
मी आणला होता कोकमाच्या रिकाम्या बाटलीतून.
आरोसकर सर म्हणाले, हे प्रयोगात नाही.
मग म्हणाले, बरं, टाक.

दहा मिनिटं थांबायचं असतं.
खाली वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर कोणी बांगडे विकत होतं
आणि मला आई दिसत होती मिठागरात,
टाचांच्या भेगांत खोबरेल भरून
लाकडी फळीनं मीठ काठाला ओढणारी.
लहानपणी तिला विचारलं होतं,
पेजेत टाकलेलं मीठ जातं कुठे?
'खय जातला? पाण्याक जागा आसा तवसर
पाणी धरून ठेयता. मगे सोडता.'
विद्राव्यता एवढीच.
मला फक्त आकडा जास्त येतो:
शंभर मिलीला छत्तीस ग्रॅम,
आणि हे, की ऊन लागलं म्हणून मीठ साखरेसारखं हुरळत नाही,
गरम पाण्यातही छत्तीसच्या आसपासच राहतं.
ऊन मिठाला काही करत नाही. ऊन पाणी नेतं.
आई उरलेलं गोळा करते.

मागच्या आठवड्यात अंड्याचं पांढरं होतं.
चिमूटभर मिठात प्रथिनं सुखानं नांदतात.
अमोनियम सल्फेट घालत गेलं, घालतच गेलं,
की सगळं पाणी त्या नव्या पाहुण्यांच्या सरबराईत गुंततं
आणि प्रथिनं एकमेकांना धरून
तळाशी जाऊन बसतात,
लग्नघरात गरीब मामा बसतो तशी.

काकाचं शेत मात्र मी पुस्तकाआधी वाचलं होतं.
खारबांध फुटला, भरती आत आली,
भात गुडघाभर पाण्यात उभं होतं
आणि चार दिवसांत तहानेनं वाळलं.
काका बांधावर बसून म्हणत होता,
पाणी आसा मरे, पाणी आसा.
बाजूला तिवर हिरवागार,
पानापानावर मिठाचे बारीक कण,
घाम पुसायला वेळ नसल्यासारखे.
परासरण हा शब्द तेव्हा घरात कुणाकडे नव्हता.

वेळ झाली.
समुद्राच्या नळीतला थेंब काचपट्टीवर घेतला:
पेशी आक्रसलेल्या, अंगावर काटे,
हजारो इवलेसे फणस.
पॉइंट नऊमध्ये त्या होत्या तशाच,
गोल, मध्ये किंचित दबलेल्या, कंटाळवाण्या.
पाणी आत जात होतं, बाहेर येत होतं,
हिशेब शून्य. जगणं बहुतेक असंच दिसत असावं.
पहिल्या नळीच्या मागे एसटीचं तिकीट धरलं.
लाल, पण स्वच्छ, आगळात पाणी घातल्यासारखं,
आणि पलीकडे चक्क वाचता आलं: शिरोडा.
दुसऱ्या नळीतून नाही. तिसरीतूनही नाही.
फुटल्याशिवाय आरपार दिसत नाही
असं मी जर्नलमध्ये लिहिलं
आणि खोडलं. तिथे निरीक्षणं लिहायची असतात.

सरांनी विचारलं, पाणी कोणत्या बाजूला जातं?
म्हटलं, जिकडे मीठ जास्त, तिकडे.
'पटल राहिलं.'
पटल राहिलं. दहातले आठ.

साडेपाचची गाडी, उभ्यानं.
आई पडवीत पाय बादलीत सोडून बसलेली.
बोटाची पट्टी तिला आधी दिसली.
'रगात कित्याक काढलंस?'
मीठ किती असतं ते बघायला.
'मगे? किती आसा?'
पॉइंट नऊ, शंभरात.
तिनं मागे वळून आगराकडे पाहिलं,
झावळ्यांनी झाकलेल्या पांढऱ्या ढिगांकडे,
मग माझ्याकडे.
'इतक्याच?'